भारित सावलीचा सूड

६ सप्टेंबर, शनिवार. घरी आल्या आल्या.

आजपासून रोजनिशी. कारण एकच. सूड.

ही वही दुसरं कोणी वाचणार नाही, म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो. मी त्या केमिस्टला पाणी पाजणार आहे.

पुढेमागे मलाच संदर्भ लागेल म्हणून नीट नोंदवून ठेवतो. आमचं वाचक मंडळ दर शनिवारी संध्याकाळी लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत भरतं. लॉन्ड्रीवाले काका अध्यक्ष आहेत, कारण खोली त्यांची आहे. आम्ही एकाच मालिकेवर बोलतो. सहा भाग आलेत, सातवा यायचाय. आमच्या घरात तिला ‘ती जाडी पुस्तकं’ म्हणतात. मी ग्रंथ म्हणतो.

ग्रंथात तीन प्रकारची माणसं शक्ती घेऊन जन्माला येतात. वजनदार: हे एका वस्तूचं वजन काढून दुसरीत घालतात. सावले: हे आपली सावली अंगापासून सोडवून हवी तिथे पाठवतात. मौनी: हे खोलीतला आवाज गिळतात. एकेकाची शक्ती काय, ते लेखिकेने स्वच्छ सांगितलंय. पण दोन शक्ती एकमेकींत मिसळल्या तर काय होतं, हे तिने मोघम ठेवलंय. ते काम तिने माझ्यासाठी राखून ठेवलंय असं मला पहिल्यापासून वाटत आलंय.

सहाव्या भागाच्या शेवटी सेनापती खोलीत मेलेला सापडतो. दार आतून बंद. अंगावर जखम नाही. बरगड्या मात्र मोडलेल्या. ओरडलेलं कोणी ऐकलं नाही. सगळं जग डोकं खाजवतंय. मी सोडवलं. वजनदाराने किल्ल्याच्या महाद्वाराचं वजन काढलं आणि सावल्याच्या सावलीत घातलं. ती सावली दाराखालच्या फटीतून आत गेली आणि सेनापतीच्या छातीवर बसली. मौन्याने किंकाळी गिळली. संपलं. भारित सावली सिद्धांत.

आज तो मंडळापुढे मांडला. लोक भारावले होते. तेवढ्यात चौकातला केमिस्ट उठला. त्याला सगळे पानक्रमांक म्हणतात, कारण कोणी काहीही बोललं की तो चष्मा कपाळावर चढवून विचारतो, “कुठल्या पानावर?” तो हळू आवाजात म्हणाला की वजन घालायचं तर वजनदाराला त्या वस्तूला हात लावावा लागतो, दुसरा भाग, पान चारशे बारा. सावलीला हात कसा लावणार? इथवर मी सहन केलं. पण पुढे म्हणाला, त्याच्या दुकानापुढे एक झाड आहे, त्याची सावली दुपारभर त्याच्या अंगावर पडलेली असते आणि अजून त्याची एकही बरगडी मोडलेली नाही.

लोक हसले. अध्यक्ष तर इतके हसले की त्यांना इस्त्रीच्या टेबलाचा आधार घ्यावा लागला.

आजपासून त्याच्या दुकानाची पायरी चढणार नाही. सर्दीने मेलो तरी चालेल.

७ सप्टेंबर, रविवार.

हिला सगळं सांगितलं. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. ग्रंथाचं एक पान तिने कधी वाचलेलं नाही, त्यामुळे प्रतिक्रिया बेताचीच. एवढंच विचारलं की दिवा मालवला, अंधार झाला, सावलीच नाहीशी झाली, तर मग ते वजन जातं कुठे?

म्हटलं, मुद्दा तो नाही.

दुपारी झोपेतून उठल्यावर लक्षात आलं की मुद्दा तोच आहे. फार मोठा प्रश्न आहे. सिद्धांताच्या दुसऱ्या प्रकरणात घेतला. हे मला सुचलं कसं याचंच नवल वाटतं.

९ सप्टेंबर.

बहिष्कार सुरू. ब्लड प्रेशरच्या गोळ्या संपल्या होत्या. पुलापलीकडच्या केमिस्टकडून आणल्या. जायला यायला चांगली तंगडतोड होते, पण व्यायाम होतो. पानक्रमांकाच्या दुकानासमोरून जाताना मान ताठ ठेवली. त्याने आतून हात केला. मी पाहिलंच नाही, असं त्याला दिसेल अशा रीतीने पाहिलं.

१२ सप्टेंबर. जेवणाची सुट्टी.

प्रयोग.

मी गाद्यांच्या शोरूममध्ये सिनियर सेल्समन आहे. वजन, दाब, खळगा या विषयांत माझं आयुष्य गेलंय. सावलीला वजन असतं की नाही, हे सिद्ध करायला माझ्याइतका लायक माणूस मंडळात दुसरा नाही. घरून स्वयंपाकघरातला काटा आणला होता. सगळे जेवायला गेल्यावर डबल बेडवर काटा ठेवला, उजेड येऊ नये म्हणून काट्यासकट अंगावर चादर ओढली, टॉर्च लावला आणि हाताची सावली काट्यावर पाडली.

दोन ग्रॅम.

स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. दोन ग्रॅम! हात काढून घेतला तरी दोन ग्रॅमच. म्हणजे सावली गेल्यावरही वजन मागे राहतं. हिच्या, म्हणजे माझ्या, प्रश्नाचं उत्तर मिळालं.

त्याच वेळी मालक एका नवीन लग्न झालेल्या जोडप्याला डबल बेड दाखवायला घेऊन आले. त्यांनी चादर उचलली.

१२ सप्टेंबर, संध्याकाळ.

माझी उश्यांच्या विभागात बदली झाली. मालक म्हणाले, तुमच्यासारखा विचारी माणूस तिथेच शोभेल. एक प्रकारे बढतीच. विभाग मागच्या बाजूला, जिन्याखाली आहे. स्वतंत्र आहे.

मुलगी म्हणते, तो काटा कायम दोन ग्रॅम जास्तच दाखवतो, आई तेवढे वजा करते. ती पंधरा वर्षांची आहे. या वयात मुलांना विज्ञानाची चाड नसते.

१३ सप्टेंबर, शनिवार.

मंडळात गेलो. अख्खा वेळ मौन पाळलं. त्याचा परिणाम होत होता, हे जाणवत होतं, जरी कोणी तसं दाखवलं नाही.

शेवटी अध्यक्षांनी जाहीर केलं की अठरा ऑक्टोबरला वार्षिक मेळावा, शाळेच्या हॉलमध्ये, बाहेरगावचेही वाचक येणार. विषय: दोन शक्ती एकत्र आल्या तर. दोन वक्ते पाहिजेत, एक बाजूचा, एक विरुद्ध. मी हात वर केला. बराच वेळ दुसरा हात वर येईना. मग पानक्रमांकाने केला. म्हणाला, कोणीच नसेल तर मी बोलतो, यांची मांडणी मला पुन्हा ऐकायचीच होती.

बघा. सावज स्वतःच्या पायांनी आलं.

१६ सप्टेंबर.

प्रबंधाला सुरुवात. नाव: ‘भारित सावली: एक मूलगामी मांडणी’. आज अर्पणपत्रिका लिहिली.

१८ सप्टेंबर.

अर्पणपत्रिका बदलली.

२१ सप्टेंबर, रविवार.

मुलीला आकृती काढायला सांगितली. महाद्वार, वजनदार, सावली, फट, छाती, असे बाण. खरं तर पहिला भाग घरात तिनेच आणला होता. दहा वर्षांची होती. आम्ही एक प्रकरण ती, एक प्रकरण मी असं मोठ्याने वाचायचो. मौनी आला की दोघं गप्प बसायचो आणि स्वयंपाकघरातून ही विचारायची, झोपलात की काय. हल्ली मुलगी वाचत नाही. परीक्षा आहेत म्हणते.

आकृती चांगली काढली. सेनापतीला मिशा काढल्या, त्या ग्रंथात नाहीत, पण चालून जातील. मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, “बाबा, सेनापती कसा मेला हे तुम्हाला कळायला हवंय, की केमिस्टकाका चुकायला हवेत?”

मी म्हटलं, दोन्ही एकच आहे.

ती अभ्यासाला आत गेली. दार लावून घेतलं. एकाग्रता हवी असेल.

तिच्याकडून असंही कळलं की ती अजून वह्या-पेनं आणायला पानक्रमांकाच्या शेजारच्या दुकानात जाते, आणि तो माझी चौकशी करतो. बाबांची कंबर कशी आहे विचारत होता म्हणे. हेरगिरी. माझी कंबर दुखते हे त्याला कसं कळलं? मी पुलाकडे जाताना तो माझी चाल बघतो, दुसरं काय.

२७ सप्टेंबर, शनिवार.

शस्त्र सापडलं!

ग्रंथाची नवी आवृत्ती आली आहे. अक्षर बारीक केलंय, त्यामुळे पानं सरकली आहेत. दुसऱ्या भागाच्या चारशे बाराव्या पानावर आता वजनदाराच्या हाताबद्दल अवाक्षर नाही. तिथे घोड्याच्या खुराला नाल ठोकतात त्याचं वर्णन आहे. संपूर्ण पानभर नाल.

डाव असा. मेळाव्यात तो सवयीप्रमाणे म्हणणार, पान चारशे बारा. मी शांतपणे नवी आवृत्ती उघडणार. मोठ्याने वाचणार. नाल, खूर, हातोडा. अख्खा हॉल लोळेल. ज्या पानाच्या जोरावर त्याने माझं हसं केलं, त्याच पानात त्याला पुरणार. आयुष्यात पुन्हा कोणाला पान विचारणार नाही.

हिला सांगितलं. ही म्हणाली, पण आवृत्ती बदलली की पानं बदलतात हे लोकांना कळणार नाही का? मी म्हटलं, युद्धात अचानकपणाला महत्त्व असतं. ही म्हणाली, मग कंबरेला आधी शेक घ्या.

३ ऑक्टोबर.

कंबर आता खरोखरच धरली आहे. जन्मभर लोकांना गाद्या विकल्या आणि स्वतः खाली सतरंजीवर झोपायची पाळी आली. त्यात सर्दी. पुलापलीकडे कसाबसा गेलो. तिथला केमिस्ट फोनवर बोलत होता. मी कंबर दाखवली, नाक दाखवलं. त्याने बोलता बोलता दोन पाकिटं पुढे सरकवली. एक दुखण्यावर, जोरदार. एक सर्दीवर. आधी काय घेता, कशासाठी घेता, किती दिवस, एक अक्षर विचारलं नाही.

केमिस्ट असावा तर असा.

८ ऑक्टोबर.

कंबर बरी. प्रबंध जोरात. पण डोकं जड आहे आणि कानात सतत गुं असा आवाज. पाय सुजल्यासारखे वाटतात, बूट चढत नाहीत. घाबरण्याचं कारण नाही. पहिल्या भागात वजनदार मुलाच्या अंगात शक्ती येते तेव्हा नेमकं हेच होतं: डोकं जड, कानात आवाज, पाय जमिनीत रुतल्यासारखे. माझ्या बाबतीत हे अर्थातच बौद्धिक पातळीवर आहे.

ही डॉक्टरकडे चला म्हणते. अठरा तारखेनंतर. तोवर केमिस्टला तरी विचारून येते म्हणाली. मी तिला शपथ घातली. ती म्हणाली, शपथा मला लागू पडत नाहीत, लग्नात घेतल्या तेव्हाच कळलं. गोळ्यांची पाकिटं तिच्या हाती लागू नयेत म्हणून उशीच्या अभ्र्यात लपवली. उश्यांचं मला आता कळतं.

१४ ऑक्टोबर.

प्रबंध पूर्ण. शेवटचं वाक्य: ‘आणि आता विरोधकांनी आपापली पानं मिटावीत.’ वाचताना अंगावर काटा आला. थंडीही वाजत होती.

१८ ऑक्टोबर, शनिवार. सकाळ.

आज.

निळा शर्ट. दाढी दोनदा. बूट चढलेच नाहीत, चपला घातल्या. थोर माणसांच्या पायांकडे कोणी बघत नाही. नवी आवृत्ती पिशवीत, चारशे बाराव्या पानात खूण. आरशासमोर ‘नाल’ हा शब्द वेगवेगळ्या आवाजांत म्हणून पाहिला. हळू म्हटला की जास्त लागतो.

मुलगी येते म्हणाली. मी बोलवलं नव्हतं. आज पानक्रमांकाचा अंत होणार, तो तिने पाहायला हवा.

१९ ऑक्टोबर, रविवार. हॉस्पिटल.

झालं ते असं.

हॉल भरलेला होता. मी पंधरा-वीस मिनिटं बोललो. जबरदस्त. मग त्याची पाळी. त्याने आधी माझं कौतुक केलं, ही त्याची जुनी खोड आहे. मग चष्मा कपाळावर गेला आणि तो म्हणाला, दुसरा भाग, पान चारशे बारा.

मी उठलो. पिशवीतून पुस्तक काढलं. माइकपाशी गेलो. आणि पाहतो तर अक्षरं ओळी सोडून हिंडतायत. हॉल डोलत होता. पहिल्यांदा वाटलं, प्रभाव. मग वाटलं, दिव्यांना काहीतरी झालंय. मी माइकचा दांडा धरला. म्हटलं, ना... आणि पुढचं अक्षर सापडेना.

कोणी हसलं नाही, हे नोंदवून ठेवतो.

पानक्रमांक जागेवरून उडालाच. मला खुर्चीत बसवलं, मनगट धरलं, पायांकडे पाहिलं. बोटाने घोटा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला. असा खळगा मी फक्त फोमच्या गादीत पाहिला आहे. त्याने विचारलं, कुठल्या गोळ्या घेताय? मी काही बोललो नाही. शत्रूला माहिती द्यायची नसते. पण पहिल्या रांगेतून ही उठली आणि पर्समधून माझी पाकिटं काढून त्याच्या हातात ठेवली. अभ्र्यातली. म्हणजे तिला सगळं माहीत होतं आणि ती मेळावा संपला की मला ओढत डॉक्टरकडे न्यायच्या बेतात होती.

त्याने पाकिटं उलटसुलट केली. चेहरा बदलला. “ह्या दोन्ही तुमच्या प्रेशरच्या गोळीबरोबर घ्यायच्या नसतात. एक तिला काम करू देत नाही, दुसरी प्रेशर आणखी चढवते. एकेकटी घेतली असती तर निभावलं असतं. एकत्र नाही.”

माइक चालू होता. अख्खं सभागृह ऐकत होतं. आणि मला अचानक संधी दिसली. इतक्या दिवसांचा हिशेब चुकता करायची संधी. होती नव्हती ती ताकद एकवटून मी विचारलं, “कुठल्या पानावर?”

त्याने पाकिटातला घडी घातलेला कागद काढला, उलगडला, माझ्या डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाला, “मागच्या बाजूला. चौथी ओळ.”

होती.

लॉन्ड्रीच्या गाडीतून हॉस्पिटलमध्ये आणलं. हँगरवरच्या शर्टांमधून. मुलगी शेजारी बसून माझा हात धरून होती. मी तिला म्हटलं, वाद अनिर्णित राहिला, पण मी पुढे होतो. ती रडत होती, त्यामुळे तिने ते नीट ऐकलं नसावं. इथले डॉक्टर म्हणतात, वेळेवर कळलं, आणखी आठवडा गेला असता तर मूत्रपिंडावर बेतलं असतं. मी त्यांना विचारलं की दोन शक्ती एकत्र आल्या की परिणाम नेमका कुणाचा धरायचा, पहिलीचा की दुसरीचा? ते म्हणाले, पडून राहा.

२२ ऑक्टोबर. घरी.

पानक्रमांकाने मुलीबरोबर एक तक्ता पाठवला. कुठली गोळी कधी, कशाबरोबर चालते, कशाबरोबर नाही. सुवाच्य अक्षर. खाली लिहिलंय, शंका असल्यास कधीही फोन करा.

ही खुन्नस आहे. मला जिवंत ठेवून तो मला रोज, दिवसातून दोनदा, जेवणानंतर, स्वतःची आठवण करून देणार.

सूड कायम आहे. पण एक अडचण उभी राहिली आहे. ज्याने आपला जीव वाचवला त्याचा सूड घेणं कितपत रीतीला धरून आहे, हे बघावं लागेल. हिला विचारलं. ती म्हणाली, आधी बरे व्हा, मग काय तो सूड घ्या, आणि जाताना त्यांना डबा परत द्या, त्यांच्या बायकोने सूप पाठवलं होतं.

डबा परत देणं हा सूड नव्हे. मुलीला पाठवलं.

१ नोव्हेंबर, शनिवार.

डॉक्टरांनी फिरायला परवानगी दिली. मंडळात गेलो नाही. मेळाव्यातल्या प्रसंगावर लोक बोलणार. त्यांना बोलू दे. गैरहजेरीनेसुद्धा दबदबा वाढतो. मुलगी म्हणाली, काका दोनदा विचारत होते बाबा का नाही आले.

भ्याला.

५ नोव्हेंबर. शोरूम.

आज देवाने शत्रूला माझ्या तावडीत आणून दिलं.

बाकीचे जेवायला गेले होते. मी उश्या रचत होतो. पानक्रमांक दारातून आत आला. गादी हवी होती. बायकोची बदली झाली आहे, दूर, एक दिवसाचा प्रवास. शुक्रवारी निघणार. दुकान विकलं. तिकडच्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली आहे. हे सगळं त्याने गाद्यांकडे बघत बघत सांगितलं.

मी चटकन विचार केला. आमच्याकडे एक गादी आहे, तिला आम्ही आपापसात शिळा म्हणतो. तिच्यावर झोपून कोणी दुसऱ्यांदा झोपायला मागितलेलं नाही. माल कित्येक दिवस पडून आहे. मी त्याला सरळ तिच्याकडे नेलं. म्हटलं, ही घ्या, तुमच्यासारख्यांसाठीच आहे. मनात म्हटलं, आता रोज रात्री बरगड्या मोज.

तो आडवा झाला. डोळे मिटले. आणि म्हणाला, वा. डॉक्टरांनी त्याला कडकच गादी सांगितली होती. कुठेच मिळत नव्हती म्हणे. मला धन्यवाद दिले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मग तो तसाच पडल्या पडल्या बोलत राहिला. मी बाजूच्या स्टुलावर बसलो, ग्राहकाला एकटं सोडायचं नसतं म्हणून. म्हणाला, तुमची सावली मला अजून पटलेली नाही. हात लावायचा मुद्दा सुटत नाही. “पण तो तुमचा दुसरा प्रश्न. अंधार झाला तर वजन जातं कुठे. त्याने माझी झोप उडवली हो. सहाही भाग पुन्हा वाचले. कुठल्याच पानावर सापडत नाही.”

मी नम्रपणे मान झुकवली. हिचं नाव सांगायचं राहून गेलं.

म्हणाला, तिकडे मंडळ नाही. चौकशी केली. बायको म्हणते, गोळ्यांशी बोला. इथे शनिवारी दुकान बंद करताना त्याला बरं वाटायचं, कारण मी काहीतरी अफाट घेऊन येणार हे ठरलेलं. झाडाच्या सावलीवरून तो त्या दिवशी जे बोलला, ते सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, असंही म्हणाला. मला लागलं का, विचारलं.

मी म्हटलं, छे. कधी? मला आठवतही नाही.

पाहतो तर तो झोपला होता. शिळेवर. दुपारचं ऊन काचेतून येत होतं आणि वरचा दिवाही चालू होता. मी दिवा मालवला आणि पडदा ओढला. विजेची बचत व्हावी म्हणून. एक उशीही आणून ठेवली. ती गादीबरोबर द्यावीच लागते.

मालक आले तेव्हा मी त्यांना तोंडावर बोट ठेवून थांबवलं. ते थांबले. माझा विभागात वचक बसला आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार. सकाळ.

सुंठीवाचून खोकला गेला.

काल त्याचा ट्रक निघाला. मी पाहायला गेलो नव्हतो, सहज तिकडून चाललो होतो. शिळा सगळ्यात वर बांधली होती. त्याने हात केला. मीही केला, रस्त्यात इतर लोक होते.

शत्रू मैदान सोडून गेला. विजय तो विजय. आज मंडळात पूर्ण प्रबंध वाचणार, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. मध्ये कोणी चष्मा वर करणार नाही. निळा शर्ट. आज बूटही चढले.

८ नोव्हेंबर. संध्याकाळ.

वाचला.

कोणीही काहीही विचारलं नाही. प्रत्येक प्रकरणानंतर थांबलो, जागा सोडली. सगळे माझ्याकडे बघत राहिले. हात लावण्याचा मुद्दा आला तेव्हा मीच म्हटलं, पण इथे एखादा म्हणू शकेल की सावलीला हात कसा लावणार? अध्यक्ष म्हणाले, “तुम्ही म्हणताय म्हणजे लावता येत असेल.” अंधाराचा प्रश्नही टाकून पाहिला. लोकांनी माना डोलावल्या. माना कशाला डोलावल्या? तो तर प्रश्न होता.

भारित सावली सिद्धांत एकमताने मंजूर झाला. टाळ्या वाजल्या. त्यानंतर खोलीतला पंखा कोणी दुरुस्त करायचा यावरून कडाक्याचं भांडण पेटलं आणि ते मी निघेपर्यंत चालू होतं.

घरी चालत आलो. वाटेत, बेकरीच्या वळणावर, सिद्धांतात एक चूक सापडली. मोठी. महाद्वाराचं वजन काढून घेतलं असेल तर ते द्वार कागदासारखं हलकं व्हायला हवं. पण त्याच पहाटे सेनापतीचं प्रेत बाहेर नेताना ते द्वार आठ पहारेकरी खांदे लावून, कण्हत कण्हत उघडतात. स्पष्ट लिहिलंय. म्हणजे वजन जिथल्या तिथेच होतं. सावलीत काहीच नव्हतं. सेनापती कसा मेला, मला माहीत नाही.

ही चूक कोणाच्याच लक्षात आलेली नाही. आता येणारही नाही.

ही म्हणाली, पुढच्या शनिवारी मंडळाला सांगून टाका की.

सांगितलं, तर तेही एकमताने मंजूर होईल.